कून खोऱ्याचा धडा : व्हर्नन काउंटीची जमीन आणि तिची माणसे

जमिनीची धूप शेताच्या बांधाशी थांबत नाही. वरच्या शेतातून सुटलेले पाणी खालच्या शेतात शिरते, तेथून ते ओढ्याला मिळते आणि दोन्ही शेतांची माती एकाच ओढ्यातून निघून जाते. म्हणून मृदसंधारणाचे काम शेतवार न करता पाणलोटवार करावे, असे प्रत्येक ग्रामसेवक व कृषी सहायक आज सांगत असतो. अमेरिकेत ही पद्धत एका संपूर्ण खोऱ्यात शासन व शेतकरी यांच्या सहकार्याने प्रथम १९३३ साली राबविली गेली. ती राबविताना कोणत्या अडचणी आल्या, त्या कशा दूर झाल्या आणि इतक्या वर्षांनंतर त्या कामाची स्थिती काय आहे, हे जाणून घेणे आपल्याकडील कार्यकर्त्यांना व शेतकऱ्यांना उपयुक्त ठरेल. यासाठी विस्कॉन्सिन राज्यातील व्हर्नन या लहानशा काउंटीचा परिचय पुढे दिला आहे.

काउंटी हा अमेरिकेतील राज्याच्या खालचा प्रशासकीय विभाग होय. व्हर्नन काउंटीचे क्षेत्रफळ सुमारे ८१६ चौरस मैल, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे आहे. तिची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार ३०,७१४ होती. आपल्याकडील एखाद्या बाजारपेठेच्या गावात एवढी वस्ती सहज असते. काउंटीचे मुख्य ठाणे विरोक्वा हे असून वेस्टबी, हिल्सबरो, ला फार्ज, कून व्हॅली, चेसबर्ग इत्यादी लहान गावे तिच्यात मोडतात. बरेचसे शेतकरी गावात न राहता आपापल्या शेतावरच घर करून राहतात. त्यामुळे शेजारी याचा अर्थ तेथे पुढच्या टेकडीवरचे कुटुंब असा होतो.

भूमी आणि पाणी

काउंटीच्या पश्चिम सीमेवरून मिसिसिपी ही महानदी वाहते. उत्तर अमेरिकेच्या बऱ्याच भागावरून हिमयुगात बर्फाचे प्रचंड थर सरकले आणि त्यांनी टेकड्या झिजवून, दऱ्या बुजवून जमीन सपाट केली. गेल्या हिमयुगात या प्रदेशाला मात्र बर्फाने वळसा घातला. त्यामुळे येथील जुन्या टेकड्या व ओढ्यांनी कोरलेल्या दऱ्या जशाच्या तशा राहिल्या. वर चिंचोळी पण सपाट माथ्याची धार, तिच्या दोन्ही अंगांस तीव्र उतार आणि खाली ओढ्याकाठची अरुंद सपाटी, अशी येथील भूमीची रचना आहे. अशा दरीला तेथील लोक ‘कूली’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच भाषेतून आला आहे.

माथ्यावर व उतारांवर पोयट्याचा थर आहे. हिमयुगाच्या काळात वाऱ्याने उडवून आणलेली ही अतिशय बारीक माती होय. ती कसदार व नांगरटीस हलकी असते. पण आपल्याकडील काळ्या जमिनीसारखी ती चिकट नसल्यामुळे वाहत्या पाण्यापुढे टिकाव धरीत नाही. तिच्याखाली चुनखडीच्या जातीचा खडक आणि त्याखाली वालुकाश्म आहे. हा वालुकाश्म भेगाळ असतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी; कारण पुढे धरणांच्या हकिकतीत तिचा संबंध येणार आहे.

पावसाचा मोठा भाग उन्हाळ्यातील वादळी सरींनी पडतो. हिवाळ्यात जमीन गोठते व तिच्यावर बर्फ साचते. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागते तेव्हा खालची जमीन अद्याप गोठलेलीच असते. त्यामुळे पाणी न मुरता सरळ उतारावरून धावते. म्हणजे वर्षातून दोन वेळा, बर्फ वितळताना आणि वादळी पावसात, या मातीची परीक्षा होते. कून क्रीक व बॅड ॲक्स हे प्रवाह मिसिसिपीला मिळतात. काउंटीच्या पूर्व भागातून वाहणारी नागमोडी किकापू नदी दक्षिणेकडे जाऊन विस्कॉन्सिन नदीस मिळते.

मूळ रहिवासी आणि नवी वसाहत

हा प्रदेश मुळात हो-चंक लोकांचा. काउंटीच्या इतिहासातील सर्वांत दुःखद घटना १८३२ सालची आहे. साउक जमातीचा नेता ब्लॅक हॉक याच्याबरोबरचे लोक मिसिसिपी ओलांडून पश्चिमेस जाण्याच्या प्रयत्नात असता १ व २ ऑगस्ट १८३२ रोजी बॅड ॲक्स नदीच्या मुखाजवळ सैन्याने त्यांना गाठले. त्या वेळी झालेल्या संहारात अनेक स्त्रिया व मुलेही बळी पडली. पुढे १८३७ च्या तहाने हो-चंक लोकांची मिसिसिपीच्या पूर्वेकडील भूमी त्यांच्या हातून गेली. त्यांना वारंवार बाहेर घालविण्यात आले, तरी ते पुनःपुन्हा आपल्या भूमीकडे परतले. आज हो-चंक राष्ट्र म्हणून त्यांना मान्यता आहे.

काउंटीची स्थापना १८५१ मध्ये बॅड ॲक्स या नावानेच झाली. या नावाचा अर्थ ‘वाईट कुऱ्हाड’ असा होत असल्यामुळे नवे वसाहतकरी बिचकतील असे वाटून १८६२ मध्ये ते बदलून व्हर्नन असे करण्यात आले. वसाहतीसाठी आलेल्यांत नॉर्वेचे लोक पुष्कळ होते. १८४८ पासून कून खोऱ्यात व माथ्यावरच्या कून प्रेअरीत त्यांची घरे उभी राहू लागली. हिल्सबरोच्या बाजूस बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशाचे लोक आले. त्याच परिसरात शायेन व्हॅली येथे १८५० च्या दशकापासून आफ्रिकी-अमेरिकी शेतकऱ्यांनी वस्ती केली. एकोणिसाव्या शतकात विस्कॉन्सिनमधील ती त्यांची सर्वांत मोठी ग्रामीण वस्ती होती आणि तेथे गोऱ्या व काळ्या शेतकऱ्यांची मुले एकाच शाळेत शिकत. याच वस्तीतील आल्गा शिव्हर्स या कारागिराने काउंटीत अनेक गोल गोठे बांधले. गोल बांधणी वाऱ्याला चांगली तोंड देते, आणि वैरणीचा साठा मध्यभागी असल्याने चहूबाजूंच्या जनावरांना ती थोड्या श्रमात घालता येते. त्यांतील काही गोठे आजही पाहावयास मिळतात.

कृषी प्रशासनाच्या इतिहासातही या काउंटीला स्थान आहे. विरोक्वाचे जेरेमाया रस्क हे १८८२ ते १८८९ या काळात विस्कॉन्सिनचे राज्यपाल होते. त्यांच्याच कारकीर्दीत, १८८५ पासून, राज्यात शेतकऱ्यांसाठी फिरत्या शेतकी सभा भरविण्याची पद्धत सुरू झाली. पुढे १८८९ ते १८९३ या काळात ते अमेरिकेचे कृषिमंत्री होते.

गव्हापासून दुधापर्यंत

पहिल्या पिढीने गहू पिकविला. नवी जमीन, वर्षामागून वर्ष एकच पीक, आणि खत नाही, असा तो काळ होता. काही वर्षे उत्पन्न भरघोस आले. नंतर जमिनीचा कस उतरला, किडींचा उपद्रव वाढला आणि गव्हाचे पीक परवडेनासे झाले. तेव्हा शेतकरी दुभत्या गाईंकडे वळले. त्याबरोबरच, विशेषतः नॉर्वेजियन कुटुंबांनी, तंबाखूची लागवड धरली. वेस्टबीची सहकारी दुग्धसंस्था १९०३ सालापासूनची आहे. शेतकरी आपले दूध सहकारी लोणीघराकडे घालीत आणि त्या संस्थेचे मालकही तेच असत.

वरवर पाहता ही प्रगतीच होती. परंतु जमिनीच्या दृष्टीने तिच्यात तीन दोष दडलेले होते.

पहिला दोष आखणीचा. सरकारी मोजणीत सर्व प्रदेश चौरस मैलांच्या भागांत व त्यांच्या चौकोनी तुकड्यांत विभागला गेला होता. मोजणीची रेषा टेकडी पाहत नाही व ओढाही पाहत नाही. शेताच्या हद्दी, कुंपणे व रस्ते या सरळ रेषांवर आले. शेतकरीही कुंपणाला समांतर नांगरू लागला. परिणामी नांगराची तासे उतारावरून वरून खाली जाऊ लागली आणि प्रत्येक तास हा पाण्याचा पाट बनला.

दुसरा दोष चराईचा. सपाट जमीन धान्य व तंबाखूला हवी, म्हणून गाई तीव्र उतारावरच्या रानात सोडल्या जात. त्यांनी रोपे खाल्ली, पालापाचोळा तुडविला आणि जमीन चोपून घट्ट केली. पूर्वी पाऊस जिरविणारे रान आता पाणी खाली लोटू लागले.

तिसरा दोष पिकांचा. मका व तंबाखू यांच्या दोन ओळींमध्ये माती उघडी राहते. अशी पिके उतारावर घेतली की प्रत्येक वादळी सरीबरोबर मातीचा एक पापुद्रा निघून जातो.

या तिन्ही दोषांचे फळ १९२० च्या दशकात व १९३० च्या सुरुवातीस स्पष्ट दिसू लागले. उतारांवर घळी पडल्या. त्या दरवर्षी डोक्याकडून माथ्याच्या शेतात शिरू लागल्या. वरची माती खाली येऊन ओढ्यांची पात्रे भरली. पात्र भरले की थोड्या पावसानेही पूर येतो, आणि प्रत्येक पूर काठच्या सुपीक सपाटीवर गाळाचा नवा थर टाकतो. चेसबर्गसारख्या ओढ्याकाठच्या गावाला हा गाळ व पूर यांचा फार त्रास झाला. झऱ्यांचे पाणी आटले, ओढे उथळ व गढूळ झाले आणि थंड, स्वच्छ पाण्यात राहणारे ट्राउट मासे दिसेनासे झाले. माथ्यावरचा शेतकरी माती गमावून गरीब झाला, तर खालचा शेतकरी तीच माती अंगावर घेऊन गरीब झाला.

१९३३ चा प्रयोग

मंदीच्या त्या काळात, १९३३ साली, अमेरिकी शासनाने मृदधूप सेवा स्थापन केली. तिचे प्रमुख ह्यू बेनेट यांनी पहिले प्रात्यक्षिक खोरे म्हणून कून क्रीकची निवड केली. या खोऱ्याचे क्षेत्र सुमारे ९२ हजार एकर असून ते व्हर्नन व तिच्या शेजारच्या काउंट्यांत पसरलेले आहे. जवळच ला क्रॉस येथे धूप-संशोधन केंद्र कार्य करीत होते. त्यामुळे कोणत्या उतारावर कोणत्या पिकाखाली किती माती जाते याविषयीची निरीक्षणे हाताशी होती. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे तज्ज्ञ मदतीला आले. त्यांत वन्यजीव व्यवस्थापनाचे प्राध्यापक ऑल्डो लिओपोल्ड हेही होते. श्रमाची गरज नागरी संधारण दलाच्या तरुणांनी भागविली. बेकार तरुणांना शिबिरात ठेवून त्यांच्याकडून वनीकरण, कुंपणे, घळीतील बांध अशी कामे करून घेण्यासाठी हे दल उभारलेले होते.

शासनाने शेतकऱ्यांवर सक्ती केली नाही. प्रत्येक शेतकऱ्याशी पाच वर्षांचा लेखी करार करण्यात आला. शासनाने आराखडा, बियाणे, चुना, कुंपणाचे साहित्य व शिबिरातील तरुणांचे श्रम द्यावेत. शेतकऱ्याने आपले श्रम द्यावेत, आराखड्याप्रमाणे पीक घ्यावे आणि तीव्र उतारावरील रानात जनावरे सोडू नयेत, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते.

प्रारंभी शेतकरी साशंक होते, हे स्वाभाविकच होते. सरळ तासाने नांगरणे हे चांगल्या शेतकऱ्याचे लक्षण मानले जाई; वाकडीतिकडी शेते हे आळशाचे काम वाटे. शिवाय रानातील चराई बंद केली तर गाईंना घालावयाचे काय, हा प्रश्न खराच होता. तरीही जून १९३५ पर्यंत खोऱ्यातील सुमारे ८०० शेतकऱ्यांपैकी ४१८ जणांनी करार केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कायद्याने मृदसंधारण सेवा ही कृषिखात्यातील कायम स्वरूपाची संस्था झाली, आणि कून खोऱ्यातील पद्धत देशात अन्यत्र नेण्यात आली.

शेताचा आराखडा कसा होई

कामाची पद्धत बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रथम प्रत्येक शेताचा नकाशा करून त्यावर उतार, मातीची खोली व झालेली धूप नोंदविली जाई. त्यावरून जमिनीचे तीन मुख्य भाग पाडीत.

तीव्र उतार हा झाडांसाठी. तेथे कुंपण घालून जनावरे पूर्णपणे बंद करीत व जरूर तेथे झाडे लावीत. मध्यम उतार हा कायम गवतासाठी. माथा व सौम्य उतार हा पिकांसाठी. परंतु तेथेही नांगरट समपातळी रेषेवरच करावयाची आणि पिके पट्ट्यापट्ट्यांनी घ्यावयाची.

पट्टापेरीत एक पट्टा मक्याचा, त्याखाली एक पट्टा गवताचा, पुन्हा एक पट्टा ओटचा, असा क्रम असे. मक्याच्या पट्ट्यातून निघालेले पाणी गवताच्या पट्ट्यात आले की त्याचा वेग मोडतो, त्यातील माती खाली बसते आणि पाणी मुरते. उतार जितका अधिक तितका पट्टा अरुंद ठेवावा लागतो. दरवर्षी पट्ट्यांची अदलाबदल होई. मक्यानंतर ओट, ओटमध्येच लसूणघास किंवा क्लोव्हर पेरून पुढील काही वर्षे वैरण, आणि नंतर पुन्हा मका, असा फेरपालट चाले. द्विदल वैरणीमुळे जमिनीतील नत्र वाढे. तेथील माती आम्ल असल्याने लसूणघास चांगला यावा म्हणून चुना घालावा लागे. म्हणूनच करारात चुन्याला इतके महत्त्व होते.

चराईचा प्रश्न येथेच सुटला. लसूणघासाच्या पट्ट्यांतून जी वैरण मिळू लागली, ती उतारावरच्या सुकलेल्या रानात मिळणाऱ्या चाऱ्यापेक्षा अधिक व सकस होती. गाईच्या वैरणीची सोय प्रथम झाली, म्हणूनच चराईबंदी टिकली. नुसत्या मनाईने ती टिकली नसती.

याबरोबरच घळींच्या डोक्याशी पाणी वळविणे, घळीत लहान बांध घालणे, गवताचे उथळ पाट करून जादा पाणी सुरक्षितपणे खाली नेणे, ओढ्याचे काठ दगड व वाळुंजीसारख्या झाडांनी बांधणे ही कामेही झाली. लिओपोल्ड यांचा विशेष आग्रह असा होता की, मृदतज्ज्ञ, वनतज्ज्ञ, पीकतज्ज्ञ व वन्यजीवतज्ज्ञ यांनी आपापल्या योजना वेगवेगळ्या न नेता एकाच शेताच्या एकाच नकाशावर एकत्र बसून काम करावे. या प्रयोगावर त्यांनी १९३५ मध्ये लेखही लिहिला.

कामाचे फळ

अशा कामाचे फळ मोजण्याची सोय क्वचितच असते. येथे ती होती. कारण १९३० च्या दशकातच खोऱ्यातील गाळाची पाहणी करून ठेवण्यात आली होती. पुढे भूगोलतज्ज्ञ स्टॅनली ट्रिंबल यांनी खोऱ्यात वर्षानुवर्षे पुन्हा मोजमापे घेतली. १९७५ ते १९९३ या काळात खोऱ्याच्या तळाशी गाळ साचण्याचा वेग १९३० च्या दशकातील वेगाच्या केवळ सुमारे ६ टक्के उरला होता, असे त्यांना आढळले. त्यांचा हा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

झाडी वाढली, पाणी मुरू लागले, झऱ्यांना बारमाही धार आली आणि ओढ्यांत ट्राउट मासे पुन्हा नांदू लागले. आज मासेमारीच्या हौशीसाठी दूरदूरचे लोक या भागात येतात व त्यावर काही कुटुंबांचा चरितार्थही चालतो. याहून महत्त्वाची गोष्ट ही की, पाच वर्षांचे करार संपल्यावरही बहुसंख्य शेतकऱ्यांनी पट्टापेर सोडली नाही. तिचा लाभ त्यांनी स्वतःच्या शेतात पाहिला होता. करार न केलेल्या शेजाऱ्यांनीही तिचे अनुकरण केले. माथ्यावर उभे राहिले असता टेकड्यांना वेढणारे हिरवे-पिवळे पट्टे आजही दिसतात.

गावजीवन आणि सहकार

या काउंटीचे सामाजिक जीवन चर्च, शाळा, सहकारी संस्था आणि शेतकी मेळा यांभोवती फिरत आले आहे. विरोक्वा येथे दर सप्टेंबरात काउंटीचा मेळा भरतो. तेथे मुले आपण वाढविलेली वासरे व पिके स्पर्धेस मांडतात. वेस्टबीत १७ मे हा नॉर्वेच्या राज्यघटनेचा दिवस अद्याप उत्सवाने पाळतात. १९६० च्या दशकापासून काउंटीच्या उत्तर भागात व लगतच्या मुलखात आमिश पंथाची कुटुंबे स्थायिक झाली आहेत. ती घोड्यांनी शेती करतात, आणि एखाद्याचा गोठा उभारावयाचा असला की शेजारी एकत्र जमून तो उभारतात.

सहकाराची परंपरा नव्या काळातही चालू राहिली. १९८० च्या दशकात अमेरिकेत शेतीवर मोठे आर्थिक संकट आले आणि लहान शेते विकली जाऊ लागली. अशा वेळी १९८८ च्या जानेवारीत काही शेतकरी विरोक्वाच्या काउंटी कचेरीत एकत्र जमले आणि त्यांनी सेंद्रिय मालाची सहकारी संस्था काढण्याचे ठरविले. भाजीपाल्याने प्रारंभ होऊन ती लौकरच दुधाकडे वळली. ‘ऑर्गॅनिक व्हॅली’ या नावाने तिचा माल देशभर विकला जातो, तिची वार्षिक उलाढाल एक अब्ज डॉलरवर गेलेली आहे आणि तिचे मुख्य कार्यालय ला फार्ज या लहान गावातच आहे.

अपुरे धरण आणि फुटलेली धरणे

याच ला फार्जजवळ दुसरी एक कहाणी घडली. किकापूच्या पुरांना आळा घालण्यासाठी १९६२ मध्ये मोठ्या धरणास मंजुरी मिळाली. जमीन संपादन झाली, सुमारे १४० कुटुंबांना घरेदारे सोडावी लागली व १९७१ मध्ये बांधकाम सुरू झाले. परंतु खर्चाचा अंदाज वाढत गेला, पर्यावरणाविषयी गंभीर आक्षेप निघाले आणि १९७५ मध्ये काम थांबले. ते पुन्हा सुरू झाले नाही. काँक्रीटचा उंच मनोरा तेवढा नदीकाठी उभा राहिला. उठलेली कुटुंबे परत आली नाहीत. शाळा व दुकाने यांची गिऱ्हाइकी गेली. अखेर १९९६ च्या कायद्यान्वये ही सुमारे ८,६०० एकर जमीन परत देण्याचे ठरले. तिचा बहुतेक भाग राज्याकडे आला व सुमारे १,२०० एकर हो-चंक राष्ट्रासाठी राखण्यात आले. दोघे मिळून तिचा सांभाळ करतात. ज्यांची भूमी १८३७ मध्ये गेली होती, त्यांच्याकडे तिचा हा अंश अशा रीतीने परत आला.

लहान धरणांचीही परीक्षा झाली. १९५४ च्या पाणलोट संरक्षण कायद्यान्वये कून क्रीक व पश्चिम किकापूच्या उपखोऱ्यांत मातीची अनेक पूरनियंत्रक धरणे बांधण्यात आली होती. २७ व २८ ऑगस्ट २०१८ च्या अतिवृष्टीत त्यांपैकी पाच धरणे फुटली. पाणी मुख्यतः भिंतीवरून न जाता, भिंत जेथे टेकडीला भिडते तेथील भेगाळ वालुकाश्मातून मार्ग काढून गेले. म्हणजे पायाच्या खडकातच उणीव होती. कून व्हॅली व चेसबर्ग या गावांना पुराचा मोठा तडाखा बसला. त्यानंतर खोऱ्यातील रहिवाशांनी स्वतःची पाणलोट परिषद स्थापन केली आणि पाणी उगमाकडेच, म्हणजे माथ्यावरच्या शेतात मुरविण्याच्या विचाराने पुन्हा जोर धरला.

हा विचार पुन्हा करावा लागला याचे आणखी एक कारण आहे. दुधाच्या भावाच्या ताणामुळे लहान गोठे बंद पडत आले आहेत. गाय गेली की लसूणघासाच्या पट्ट्याचे प्रयोजनही जाते आणि त्याच्या जागी मका व सोयाबीन येतात. मोठ्या यंत्रांना अरुंद, वळणदार पट्टे अडचणीचे होतात; म्हणून काही ठिकाणी ते एकत्र केले जातात. जे काम एका पिढीने कष्टाने उभारले, ते मोडण्यास कोणाचा दुष्ट हेतू लागत नाही. बाजारभाव पुरेसा होतो.

आपल्याकडील कार्यकर्त्यांसाठी बोध

अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने काउंटीवार शेतकी मार्गदर्शक नेमण्याची पद्धत देशभर रूढ झाली. भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा अमेरिकेचे तांत्रिक साह्य तिला मिळाले होते. महाराष्ट्रात तर त्याआधीच, मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, १९४२ अन्वये, समपातळी बांधबंदिस्तीची कामे होत होती. तेव्हा कून खोऱ्यातील तत्त्वे आपल्याला परकी नाहीत. भूमी, पाऊस व पिके निराळी असल्यामुळे त्यांची हुबेहूब नक्कल मात्र करू नये. पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात :

१. कामाची सुरुवात माथ्यापासून करावी. ओढ्यातील बांध हा शेवटचा उपाय आहे. वरची जमीन उघडी ठेवून खाली बांधलेला बांध गाळाने भरतो किंवा फुटतो.

२. चराईबंदी सांगण्यापूर्वी वैरणीची तजवीज करावी. गायरानात गवत व शेतात हिरवी वैरण उपलब्ध झाली की बंदी पाळण्यास पशुपालक स्वतः तयार होतो.

३. आराखडा शेतकऱ्याबरोबर त्याच्या शेतात फिरून करावा. कोणी काय द्यावयाचे व कोणी काय करावयाचे, हे आधी स्पष्ट ठरलेले असावे.

४. काम पुरे होण्याची वाट न पाहता मोजणी पहिल्या दिवसापासून ठेवावी. विहिरींची पातळी, घळींची लांबी, बांधामागचा गाळ यांची नोंद नसेल तर पुढील पिढीला फळ दाखविता येत नाही.

५. बांधकामापूर्वी पायाचा खडक तपासावा, आणि काम झाल्यावर त्याची देखभाल कोणाकडे राहील हे ग्रामसभेत ठरवावे.

६. बांध व पट्टे टिकविण्यासाठी त्यांवर येणाऱ्या पिकाला बाजार मिळाला पाहिजे. म्हणून मृदसंधारणाबरोबर सहकारी विक्रीचाही विचार करावा.

अभ्यासवर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावाच्या शिवारात पाणी कोठून येते व कोठे जाते? गावाच्या हद्दी व पाणलोटाच्या हद्दी यांत काय फरक आहे?

२. आपल्या शिवारातील किती शेते उताराला आडवी नांगरली जातात? उभी नांगरली जात असल्यास त्याचे कारण काय : शेताचा आकार, बांधाची दिशा, की केवळ सवय?

३. गायरान तीन वर्षे बंद ठेवावयाचे झाल्यास कोणत्या कुटुंबांची अडचण होईल? त्यांच्या जनावरांच्या वैरणीची व्यवस्था कशी करता येईल?

४. मागील दहा वर्षांत गावात झालेल्या मृदसंधारणाच्या कामांपैकी कोणती टिकली, कोणती मोडली आणि का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कार्यकर्त्यांनी सभेत बसून न देता शिवारात फिरून, कामांची पाहणी करून लिहावे, आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी. पुढील काम कोठून सुरू करावयाचे, हे त्या नोंदीवरूनच ठरविता येईल.